घर विकत घेतांना : करारनाम्यांत काय असावें?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें वाडवडील सांगत आले. त्यांच्या काळीं घर म्हणजे स्वतःची जागा, ओळखीचा गवंडी, आणि पावसाळ्यापूर्वीं छप्पर चढेल कीं नाहीं ही चिंता. आज मुंबई, ठाणें, पुणें, नाशिक, नागपूर अशा शहरांतील सामान्य गृहस्थ घर बांधीत नाहीं. तो तें विकत घेतो, आणि तेंहि पुष्कळदां भिंती उभ्या राहण्यापूर्वींच. विटा-चुन्याच्या कामांत जी यातायात पूर्वीं होती, ती आतां कागदांत शिरली आहे.

नवल असें कीं, जो गृहस्थ मंडईंत आंबे घेतांना पेटीचा खालचा थर वर काढून पाहतो, तोच गृहस्थ आयुष्याची शिल्लक आणि पुढील वीस वर्षांचें कर्ज ज्या कागदावर अवलंबून आहे, त्याच्या ऐंशी-नव्वद पानांवर दुय्यम निबंधकाच्या कचेरींत अर्ध्या तासांत सह्या करून मोकळा होतो. मसुदा छापील असतो. सगळे ह्यावरच सह्या करतात, असें त्याला सांगण्यांत येतें. आणि त्या दिवशीं विक्रेता इतक्या अगत्यानें वागत असतो कीं, शंका काढणें म्हणजे त्याचा अपमान करणें असें वाटूं लागतें. परंतु करार गोडीच्या दिवशीं लिहिला जातो, आणि त्याचा उपयोग पडतो तो तंट्याच्या दिवशीं. तोंडी शब्द देणारा मनुष्य तोंवर नोकरी सोडून गेलेला असतो, किंवा असें बोललोंच नव्हतों म्हणून सांगतो. कागद तेवढा आपला शब्द फिरवीत नाहीं. यास्तव प्रत्येक कलमाला चार प्रश्न विचारावे : कोणीं करावयाचें, काय करावयाचें, केव्हांपर्यंत करावयाचें, आणि न केल्यास पुढें काय? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें बहुतेक करारांत सांपडतात. चौथ्याचें उत्तर नसेल तर तें कलम वचन नव्हे. ती केवळ सदिच्छा होय.

साठेखत आणि खरेदीखत

प्रथम दोन कागदांतील भेद ध्यानांत घ्यावयास हवा. पुढें अमुक अटींवर विक्री करूं, असें ठरविणारा कागद म्हणजे विक्रीचा करार, ज्याला साठेखत म्हणतात. आणि मालकी प्रत्यक्ष हस्तांतरित करणारा कागद म्हणजे खरेदीखत. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा स्पष्ट सांगतो कीं, नुसत्या विक्रीच्या करारानें मालमत्तेंत कोणताहि हक्क उत्पन्न होत नाहीं. शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच होते. कुलमुखत्यारपत्र, साधा करार आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांवर घराचा व्यवहार 'पुरा' करून देणारे लोक आजहि आढळतात. परंतु अशा कागदांनीं मालकी मिळत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें आहे. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत तो नोंदणीस सादर करावयाचा असतो, हेंहि विसरतां कामा नये.

इमारत बांधून सदनिका विकणाऱ्यांना शिस्त लावण्यासाठीं महाराष्ट्रानें १९६३ सालीं कायदा केला. पुढें २०१६ सालीं सर्व देशासाठीं स्थावर संपदेचा कायदा झाला, आणि त्याखालीं राज्यांत नियामक प्राधिकरण स्थापन झालें. लोक त्याला 'महारेरा' म्हणतात. २०१७ च्या राज्य नियमांना कराराचा एक नमुना जोडलेला आहे, आणि विकासकानें आपल्या प्रकल्पाचा मसुदा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ठेवावयाचा असतो. हातीं आलेला मसुदा, संकेतस्थळावरील मसुदा आणि सरकारी नमुना हे तीन कागद शेजारीं ठेवून वाचले, तर कोठें काय वगळलें आणि कोठें काय घुसविलें हें सामान्य वाचकालाहि कळूं शकतें. नैसर्गिक आपत्ति, बांधकामांतील दोषांची जबाबदारी, चटईक्षेत्र आणि अभिहस्तांतरण ह्या चार विषयांवरील कलमांत विकासकाला फेरफार करतां येणार नाहीं, असें प्राधिकरणानें २०२२ च्या अखेरीस बजावलें. ह्या चार कलमांपासूनच वाचनास आरंभ करावा.

विकणारा कोण, आणि विकतो तें काय?

कराराच्या पहिल्या पानांवर विक्रेत्याला विकण्याचा अधिकार कोठून आला, ही हकीकत असते. ती कंटाळवाणी म्हणून वगळली जाते. पण सर्व इमारत तीवरच उभी असते. जमीन कोणाची, ती विकासकानें विकत घेतली कीं मालकाशीं विकसनाचा करार केला, सातबारा वा मिळकत पत्रिकेवर नांव कोणाचें, जमिनीवर बँकेचा बोजा आहे काय, न्यायालयांत दावा चालू आहे काय, ह्या सर्वांचा उल्लेख सर्व्हे क्रमांक आणि चतुःसीमांसह असावा. बोजा असेल तर तो कोण आणि केव्हां उतरविणार, हेंहि यावें. मालकीहक्कांत दोष निघाल्यास होणारें नुकसान विक्रेता भरून देईल, असें कलम हवेंच; ह्या कलमांतच चौथ्या प्रश्नाचें उत्तर आहे. विक्रेत्याच्या वतीनें कुलमुखत्यार सही करीत असेल, तर मुखत्यारपत्राची नोंद, त्यांतील अधिकार, आणि तें देणारा हयात आहे हें पाहून घ्यावें. खरेदीदारांचीं नांवेंहि विचारपूर्वक घालावीं. पति-पत्नी दोघांच्या नांवें घर असेल आणि पैसा दोघांचा असेल, तर कोणाचा हिस्सा किती हें लिहिण्यांत संकोच कसला?

ह्यानंतर घराचें वर्णन. पूर्वीं 'बिल्ट-अप' आणि 'सुपर बिल्ट-अप' अशा ऐसपैस शब्दांनीं जिना आणि लिफ्टसुद्धां घराच्या मापांत धरलीं जात. २०१६ च्या कायद्यानें चटईक्षेत्राची व्याख्या पक्की केली : घरांतील वापरण्याजोगें निव्वळ क्षेत्र, त्यांत आंतील भिंतींची जाडी धरावयाची, परंतु बाहेरच्या भिंती, बाल्कनी, स्वतंत्र गच्ची आणि सेवावाहिन्यांच्या पोकळ्या धरावयाच्या नाहींत. करारांत हेंच क्षेत्र आंकड्यांत आणि अक्षरांत असावें, आणि बाल्कनीचें माप निराळें दाखवावें. नमुन्यानुसार प्रत्यक्ष क्षेत्रांत तीन टक्क्यांपर्यंतच फरक चालतो. क्षेत्र त्याहून कमी भरल्यास जादा घेतलेली रक्कम पंचेचाळीस दिवसांत व्याजासह परत करावी लागते. मजल्याचा मंजूर नकाशा, आपली सदनिका रंगवून दाखविलेला, कराराला जोडलेला हवा.

मोटार ठेवण्याच्या जागेबद्दल तर सोसायट्यांच्या सभा हातघाईवर येतात. उघडी जागा विकासकाला स्वतंत्रपणें विकतां येत नाहीं. ती सामाईक असते. आच्छादित जागा दिली असेल, तर तिचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नकाशांतील स्थान करारांत यावें. 'एक पार्किंग' एवढेच दोन शब्द लिहून घेणाऱ्याला पुढें दोन खांबांमधील अशी जागा मिळते कीं, तेथें गाडी शिरते पण दार उघडत नाहीं.

पैसा केव्हां द्यावयाचा?

विक्रीचा करार नोंदविल्याविना किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्यानें बंदी आहे. ऐंशी लाखांच्या घराला ही मर्यादा आठ लाख होते. पुढील हप्ते बांधकामाच्या पायऱ्यांशीं बांधलेले असावे. राज्याच्या नमुन्यांत कमाल प्रमाण दिलें आहे : करारानंतर एकूण तीस टक्क्यांपर्यंत, जोतें पुरें झाल्यावर पंचेचाळीस, सर्व स्लॅब पडल्यावर सत्तर, भिंती, आंतील गिलावा, फरशी, दारें-खिडक्या झाल्यावर पंचाहत्तर, आणि असें करीत लिफ्ट, पंप, वीज इत्यादि कामांअखेर पंचाण्णव. उरलेले पांच टक्के, म्हणजे ऐंशी लाखांतील चार लाख, भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताब्याच्या वेळीं. हे शेवटचे पांच टक्के हातीं राखण्यांत खरेदीदाराचें मोठें बळ आहे. तारखांशीं बांधलेले हप्ते मात्र घातक : काम थांबलें तरी तारीख थांबत नाहीं.

किंमतीच्या कलमांत काय धरलें आणि काय धरलें नाहीं, हें सांगणारी यादी असावी. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वस्तु व सेवा कर, सोसायटीच्या स्थापनेचा खर्च, देखभालीची आगाऊ रक्कम, वीज-पाण्याच्या जोडण्या : प्रत्येकीपुढें आंकडा आणि देणाऱ्याचें नांव. वस्तु व सेवा कर चालू बांधकामांतील घराला लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घराला लागत नाहीं. पन्नास लाख वा त्याहून अधिक किंमत असेल, तर खरेदीदारानें एक टक्का रक्कम कापून प्राप्तिकर म्हणून भरावयाची असते. ती रक्कम किंमतींतच जमा धरली जाईल, असें लिहून घ्यावें. आणि सर्वांत महत्त्वाचें : घर कर्जावर घ्यावयाचें असेल, तर मालकीहक्काच्या दोषामुळें वा कागदपत्रांच्या उणीवेमुळें बँकेनें कर्ज नाकारल्यास दिलेली रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल, असें कलम घातल्याविना पहिला धनादेश देऊं नये.

ताबा आणि विलंब

ताब्याची तारीख दिवस, महिना आणि वर्ष अशी असावी. 'सर्व परवानग्या मिळाल्यापासून छत्तीस महिने' ही तारीख नव्हे. ज्या दिवसापासून मोजावयाचें तो दिवसच तींत अनिश्चित आहे. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप वा अन्य नैसर्गिक आपत्ति ह्यांची सवलत कायदा देतो. पण मजुरांची टंचाई आणि सिमेंटचे वाढलेले भाव अशीं कारणें त्या यादींत कोणी घुसवीत असेल, तर तीं काढून टाकण्याचा आग्रह धरावा.

विलंब झाल्यास कायदा दोन मार्ग देतो. खरेदीदाराला व्यवहारांतून बाहेर पडावयाचें असेल, तर सर्व रक्कम व्याजासह परत. आणि थांबावयाचें असेल, तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचें व्याज. महाराष्ट्रांत हा दर स्टेट बँकेच्या कर्जाच्या कमाल सीमांत दराहून दोन टक्के अधिक असा ठरविला आहे, आणि हप्ता चुकविणाऱ्या खरेदीदाराकडून विकासकालाहि त्याच दरानें व्याज घेतां येतें. समजा, छपन्न लाख भरलेल्या गृहस्थाला सालीना दहा टक्क्यांनीं व्याज मिळालें, तर तें दरमहा ४६,००० रुपयांच्या वर जातें. तो भाड्याच्या घरांत राहून कर्जाचा हप्ताहि भरीत असेल, तर ही रक्कमच त्याचा संसार सांवरून धरते. २०१९ सालीं गुरुग्राममधील एका प्रकरणांत करार असा होता कीं, खरेदीदाराच्या विलंबाला अठरा टक्के व्याज, तर विकासकानें रक्कम परत करण्यास केलेल्या विलंबाला नऊ टक्के. असा एकतर्फी करार खरेदीदारावर बंधनकारक नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. तथापि न्यायालयांत वर्षें घालविण्यापेक्षां सहीपूर्वीं एक ओळ बदलून घेणें स्वस्त पडतें.

'ताबा' ह्या शब्दाचा अर्थहि लिहून घ्यावा. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर दिलेला तोच ताबा. 'फर्निचर करून घ्या' म्हणून आधींच दिलेल्या किल्ल्या म्हणजे ताबा नव्हे. ज्या इमारतीला हें प्रमाणपत्र नाहीं, तेथें राहावयास गेलेल्या कुटुंबांना पुढें पाण्याच्या जोडणीपासून घर विकण्यापर्यंत अडचणी भोगाव्या लागतात.

घर कसलें मिळणार, हें कराराच्या परिशिष्टांत असावें : फरशी कोणत्या प्रतीची, खिडक्या कशाच्या, नळ कोणत्या कंपनीचे, लिफ्ट किती आणि किती माणसांची. 'किंवा तत्सम' हे शब्द दिसतील तेथें 'त्याच किंमतीचे' असे शब्द जोडावे. जाहिरातींत पोहण्याचा तलाव आणि बाग असेल, तर त्यांचीं नांवें आणि पुरीं होण्याची तारीखहि करारांत यावी. ताब्यापासून पांच वर्षांच्या आंत इमारतीच्या रचनेंत वा कारागिरींत दोष दाखवून दिल्यास विकासकानें तो तीस दिवसांत स्वखर्चानें दुरुस्त करावयाचा असतो. पहिल्याच पावसाळ्यांत भिंतीवर ओल उमटली, तर लेखी कळवावें आणि पोंच घ्यावी.

जुनें घर घेतांना

आजवर वर्णिलेल्या पुष्कळ गोष्टी नव्या घराच्या. राहत्या सोसायटींतील जुनी सदनिका घेतांना नियामक प्राधिकरणाचा आधार नसतो. तेथें करार हाच आधार. पहिल्या खरेदीपासूनचे सर्व मूळ दस्त आणि भाग-दाखला विक्रेता कोणत्या दिवशीं देणार, तें लिहावें. ते बँकेकडे गहाण असतील, तर खरेदीदाराच्या पैशांतून थेट बँकेचें कर्ज फिटेल आणि दस्त सुटतील अशी व्यवस्था करारांतच करावी. मूळ सभासद वारला असेल, तर विशेष सावध राहावें : सोसायटींत ज्याचें नामनिर्देशन झालें आहे तो मालक होत नाहीं, मालकी वारसांची असते. एका मुलाच्या सहीवर घर घेतलें, आणि परगांवीं दिलेली बहीण दोन वर्षांनीं हिस्सा मागावयास आली, तर तिचें कांहीं चुकत नाहीं. सर्व वारसांच्या सह्या न घेणाऱ्याचें चुकतें.

विसार म्हणून दिलेली रक्कम किती, खरेदीदार फिरल्यास तींतील किती बुडेल, आणि विक्रेता फिरल्यास तो काय देईल, ह्या दोन्ही बाजू समान मापानें लिहाव्या. व्यवहार पुरा करण्याची तारीख घालावी. कारण करार पाळण्यास भाग पाडणारा दावा त्या तारखेपासून तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो, आणि आपण पैसे घेऊन सदैव तयार होतों हें खरेदीदाराला दाखवावें लागतें. सोसायटीची देणीं, मालमत्ता कर आणि विजेचें बिल कोणत्या दिवसापर्यंत कोणाचें. हस्तांतरणाची रक्कम कोण भरणार. भाडेकरू असल्यास तो केव्हां निघणार. पंखे आणि भिंतींतील कपाटें राहणार कीं जाणार, हींहि कलमें क्षुल्लक नव्हेत. इमारत पुनर्विकासास जाणार असेल, तर विकासकाकडून मिळणारा निधि आणि भाडें जुन्या मालकाचें कीं नव्या, हें शब्दांत आल्याविना पुढें जाऊंच नये.

जमीन कोणाची?

शेवटचें कलम बहुतेक वाचलेंच जात नाहीं, आणि खरें पाहतां तेंच सर्वांत मोलाचें. सदनिका घेणाऱ्याला भिंती मिळतात. त्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती सोसायटीच्या नांवें होते ती अभिहस्तांतरणाच्या दस्तानें. तो दस्त झालाच नाहीं, तर चाळीस वर्षांनीं इमारत जीर्ण होऊन नवी बांधावयाची वेळ आल्यावर रहिवाशांच्या ध्यानांत येतें कीं, मिळकत पत्रिकेवर अजून मूळ मालकाचें नांव आहे, आणि त्याच्या नातवांना शोधीत फिरावयाचें आहे. हें दुःख राज्यांत इतकें पसरलेलें होतें कीं, २००८ सालीं १९६३ च्या कायद्यांत दुरुस्ती करून, विकासकानें टाळाटाळ केल्यास सक्षम अधिकाऱ्याकडून 'मानीव' अभिहस्तांतरण मिळविण्याची सोय करावी लागली. ती सोय आहे, पण अर्ज, नकाशे, सुनावण्या ह्यांत सोसायटीचीं वर्षें जातात. १९६३ च्या कायद्याखालील नियमांत, करारांत निराळी मुदत ठरलेली नसल्यास, सोसायटीच्या नोंदणीपासून चार महिने ही मुदत होती. 'निराळी मुदत' ह्या दोन शब्दांच्या आडोशानें, सर्व प्रकल्प पुरा झाल्यावर, अशीं कलमें लिहिलीं गेलीं. आणि असा प्रकल्प कधींच पुरा होत नाहीं. म्हणून महिन्यांत मोजलेली मुदत, कोणत्या इमारतीची आणि किती जमिनीची, हें सर्व करारांत असावें.

ह्याच्याच शेजारीं आणखी एक कलम दबा धरून बसलेलें असतें : नकाशांत भविष्यांत होणाऱ्या सर्व बदलांना खरेदीदाराची आतांच संमति आहे. कायदा सांगतो कीं, त्याच्या सदनिकेंतील बदलाला त्याची, आणि इमारतीच्या वा सामाईक जागेच्या बदलाला दोन-तृतीयांश खरेदीदारांची पूर्वसंमति हवी. आज दिलेली सरसकट संमति म्हणजे समोरच्या बागेच्या जागीं उद्यां उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीला दिलेली परवानगी होय.

करारांतील प्रत्येक गोष्ट खरेदीदाराच्या मनासारखी होईल असें नाहीं. विकासक मोठा असतो, घरें थोडीं असतात, आणि मागणें नाकारलें जाण्याचा संभव असतोच. पण मसुदा सहीच्या आठ दिवस आधीं मागून घेण्यास, त्यांतील मोकळ्या जागा भरून घेण्यास, स्वतःच्या वकिलाला दाखविण्यास आणि तोंडी मिळालेलें प्रत्येक आश्वासन एका ओळींत लिहून मागण्यास कोणी आडवें येऊं शकत नाहीं. ती ओळ लिहून देण्यास विक्रेता राजी झाला, तर तंट्याच्या दिवसासाठीं हातीं एक शस्त्र आलें. राजी झाला नाहीं, तर त्या आश्वासनाची खरी किंमत काय होती, हें घरासाठीं पैसे मोजण्यापूर्वींच कळलें.